खरं सांगणाऱ्यांचं वकीलपत्र

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. आमच्या कोर्टात तेव्हा वारसांचे, पडलेल्या घरांचे, नुकसानभरपाईचे अर्ज ढिगाने यायचे. त्या ढिगातच हिंदू विवाह कायद्याखालचा एक अर्ज माझ्या वाट्याला आला. मला सनद मिळून तिसरं वर्ष होतं. सीनियर साहेबांनी फाइल पुढे सरकवली आणि म्हणाले, "सोपी आहे, तू चालव." अर्जदार नवरा होता आणि लग्नाला सात महिने झाले होते. बायकोला फिट येते, लग्नाच्या आधीपासून येते, म्हणून लग्न रद्दबातल ठरवून मिळावं, एवढीच मागणी.

फाइल खरोखरच सोपी होती. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या कलम 5 मध्ये, लग्नाच्या अटींत, वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे, म्हणजे फिटचे, वारंवार येणारे झटकेही बसवले गेले होते. अट मोडली की कलम 12 खाली लग्न रद्द करून मिळायचं. झटके लग्नाच्या आधीपासून होते, एवढं शाबीत केलं की माझं काम संपत होतं.

मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिच्या वकिलांनी कैफियतीत सरळ नाकारलं होतं: गैरअर्जदारास असा कोणताही आजार नाही व पूर्वीही नव्हता. उलटतपासणीला ती उभी राहिली तेव्हा तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी विचारलं, "लग्नाच्या आधी तुम्हाला फिट यायची, हे खरं आहे का?" तिचे वकील हरकत घ्यायला अर्धे उठले, तेवढ्यात ती म्हणाली, "हाव. आठवीत असताना पहिल्यांदा आली. गोळी चालू होती तवर येत नव्हती. लग्न ठरलं अन् आईनं गोळी बंद केली."

उलटतपासणीत 'का' विचारू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "का बंद केली?"

"सासरी गोळ्याची डबी कुणाला दिसू नये म्हणून."

अर्ज मंजूर झाला. मी जिंकले. तिला खोटं बोलता आलं असतं तर मी कदाचित हरले असते. नवऱ्याकडे वैद्यकीय कागद एकही नव्हता. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली तिचे वडील भेटले. माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. ते हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचं काही नाही. पोरीला शपथ मोडता आली नाही, एवढंच झालं." आणि तिला घेऊन एस.टी. स्टँडकडे चालत गेले. ती मागे, ते पुढे.

तीस वर्षं झाली. मी अंबाजोगाईतच वकिली करते. जमिनीचे दावे, वाटण्या, पोटगी, सगळं केलं. पण माझ्या वकिलीचा जो भाग मला माझा वाटतो, तो त्या लिंबाखाली सुरू झाला. मी काही डॉक्टर नाही, संशोधकही नाही. तरी गेली वीस-बावीस वर्षं मेंदूच्या आजारांवर, विशेषतः अपस्मारावर, जे संशोधन आपल्या भागात होतं किंवा व्हायला हवं, त्याच्यासाठी मी कागद लिहिते, समितीत बसते, भांडते. वकिलाचं तिथं काय काम, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर मला थोडं सविस्तर द्यायचं आहे.

निकालानंतर काही महिन्यांनी मी एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन बसले. पक्षकार म्हणून नाही, पेशंट म्हणूनही नाही. त्यांना म्हटलं, मी एक केस जिंकले आहे, मला त्या आजाराबद्दल सांगा. त्यांनी ओपीडी संपेपर्यंत थांबवलं आणि मग तासभर बोलले. मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी बारीक लहरींनी एकमेकींशी बोलतात. वर्गात मुलं आपापल्या जागी कुजबुजत असतात तसं ते चाललेलं असतं. अचानक एका कोपऱ्यात एकाच वेळी सगळ्यांनी गलका केला आणि तो वर्गभर पसरला, की माणूस पडतो, हातपाय आखडतात, तोंडाला फेस येतो. दोन-तीन मिनिटांत गलका बहुतेकदा आपोआप शमतो. मग चप्पल हुंगवली, कांदा फोडला, मुठीत किल्ली दिली, तर ज्याने जे केलं त्याला वाटतं आपल्यामुळे उतरलं. कुणाचं बाळंतपणात बाळ उशिरा रडलेलं असतं, कुणी मोटारसायकलवरून पडलेलं असतं, कुणाच्या मेंदूत जंतूची गाठ असते, कुणाच्या घराण्यात असतो, आणि कितीतरी जणांमध्ये कारण सापडतच नाही. मी त्यांना विचारलं, गोळी अचानक बंद केली तर? ते म्हणाले, "फिट परत येण्याची भीती मोठी. आधी येत होती त्याहून जोरातही येऊ शकते."

म्हणजे त्या मुलीला सासरी फिट आली ती आजारामुळे कमी आणि लपवण्यामुळे जास्त. आणि लपवायला लावलं होतं कायद्याने. ज्या कलमाच्या जोरावर मी जिंकले, त्याच कलमाच्या धाकाने तिच्या आईने डबी फेकली होती. आईने कायदा वाचला नव्हता, पण गावाला कायद्यातलं एवढं बरोबर कळत असतं.

1999 च्या डिसेंबरात 'अपस्मार' हा शब्द कायद्यातून गेला. अपस्मारावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि संस्थांनी त्यासाठी बराच काळ पाठपुरावा केला होता. विवाह कायदे (सुधारणा) अधिनियम, 1999. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींतून अपस्मार वगळला. दुरुस्ती इतकी लहान, की कायद्याच्या मासिकात तिला चार ओळींपेक्षा जास्त जागा नव्हती. मी माझ्या जुन्या पुस्तकात तो शब्द लाल पेनने खोडला आणि समासात तारीख घातली: 29-12-1999. ते पुस्तक अजून कपाटात आहे. पाच वर्षं उशीर झाला, असं मी म्हणणार नाही. तो शब्द कायद्यात बावीस-तेवीस वर्षं होता, आणि तेवढ्या वर्षांत किती जणींच्या डब्या फेकल्या गेल्या असतील, हे कुणालाही मोजता येणार नाही.

आणि हे मोजता येणार नाही, इथेच संशोधन आणि वकिली एकमेकांना भेटतात.

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेतल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात शहर आणि आसपासची खेडी मिळून एक लाखाहून अधिक लोकांची घरोघर जाऊन पाहणी केली होती. हजारामागे जवळपास नऊ जणांना अपस्मार. खेड्यात शहराच्या दुप्पट. मला पहिल्यांदा हा आकडा कळला तेव्हा मी आमच्या तालुक्याचा हिशेब मांडला, आणि मला माहीत असलेली घरं मोजली. दोन्हींत काही मेळच बसेना. पंचवीस हजार वस्तीच्या गावात दोनशेच्या वर माणसं निघायला हवी होती, आणि मला ठाऊक होती सात.

पुढे एका आरोग्य शिबिराआधीच्या पाहणीत मी डॉक्टरांच्या गटाबरोबर फिरले. मुलं वही घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "घरात कुणाला फिट, फेफरं, मिरगी?" एका वाड्यात सासूबाईंनी ठणकावून सांगितलं, "आमच्यात कुणालाच नाही." त्याच वेळी आतून सून पाणी घेऊन आली. तांब्या धरलेल्या तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग होता, कातडी ओढली गेली होती आणि त्या हातात बांगडी चढत नव्हती. सगळ्या बांगड्या डाव्या हातात. चुलीपुढे बसलेली बाई फिट येऊन चुलीत पडली की हात असाच भाजतो. सोबतच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वहीत लिहिलं: नाही. दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. घरच्यांनी नाही म्हटलं की नाही.

परतताना जीपमध्ये सगळे चिडलेले होते. लोक सहकार्य करत नाहीत, खरं सांगत नाहीत, मग औषध कसं पोहोचवायचं आणि अभ्यास कसा करायचा. मी म्हटलं, खरं सांगितल्यावर काय होतं, ते मी कोर्टात पाहिलंय. खरं सांगणाऱ्याला आपण आधी काय देतो ते बघा, मग त्याच्याकडून खरं मागा. मी जरा जोरातच बोलले असणार, कारण बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग पुढच्या शिबिरात तुम्हीच बोला."

तेव्हापासून मी दहा मिनिटं बोलते. कायद्यावरच बोलते. फिट येते एवढ्या कारणावरून लग्न मोडता येत नाही, तो शब्द आता कायद्यात नाही. फिट म्हणजे वेड नाही. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही एका घटस्फोटाच्या प्रकरणात हेच म्हटलं, की हा आजार असाध्यही नाही आणि मानसिक विकारही नाही. तो निकाल मी आता सोबत ठेवते. आणि 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा. या कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, जोडे भिजवलेलं पाणी पाजणं, हे सगळं एकेक करून लिहिलेलं आहे. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवते. वाचताना समोरच्या बायकांपैकी कुणीतरी मान खाली घालतं. मला त्यावरून कळतं, की त्या ओळी लिहिणाऱ्याने घरोघरचं पाहिलं होतं.

या बोलण्याचा परिणाम लगेच दिसला असं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या शिबिरापासून बायका माझं बोलणं झाल्यावर रांगेत यायला लागल्या. डॉक्टरांच्या रांगेत.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. एका पाहणीत, आणि त्यात मीही होते, आम्ही रजिस्टरमध्ये नाव, गाव, वय, आजार, सगळं एका ओळीत लिहिलं. ते रजिस्टर ज्यांच्या कपाटात होतं त्यांच्याकडून ते कुणीतरी चाळलं, आणि एका मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. तिच्या आईनेच आमच्यावर विश्वास ठेवून नाव सांगितलं होतं. माझं बोलणं ऐकून सांगितलं होतं. आई नंतर माझ्या ऑफिसात आली, बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "तुम्ही म्हणला होता काही होत नसतंय." मी त्या दिवशी कायदा सांगितला होता, पण कायदा आणि कपाटाची किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर सुचलं नव्हतं. आता कुठल्याही अभ्यासात मी पहिला प्रश्न हाच विचारते: नावांची यादी कुठे आहे, कोणाकडे आहे, आणि आजाराच्या कागदावर नाव कशाला हवं? कागदावर क्रमांक. क्रमांक आणि नाव जोडणारी वही वेगळी, वेगळ्या कुलपात, एकाच माणसाच्या जबाबदारीत, आणि त्या माणसाचं नाव समितीच्या इतिवृत्तात. लोकांना हा माझा हेका वाटतो. ती आई उभ्याने बोलून गेली, तेव्हापासूनचा तो हेका आहे.

समिती म्हणजे नैतिकता समिती. नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात जण लागतात. त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक, निदान एक बाई, आणि निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे. माणसांवर कुठलंही औषध तपासायचं असेल तर या समितीने आधी हो म्हणावं लागतं. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीवर मला कायद्याची सदस्य म्हणून बोलावलं, आणि पहिल्याच बैठकीत माझ्यासमोर अपस्माराच्या एका अभ्यासाचं मराठी संमतिपत्र आलं. अकरा पानं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'सहभागी व्यक्तींचे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभाजन करण्यात येईल.'

मी विचारलं, यादृच्छिक म्हणजे काय? सगळे हसले, त्यांना वाटलं मी उगाच अडवते आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे, पण धारूरच्या माणसाला सांगा. मग प्रत्येकाने प्रयत्न केला. कुणी म्हणालं 'नशिबावर', ते मी नाकारलं. नशीब म्हटलं की आपला माणूस सही करतो आणि विचारायचं थांबतो. शेवटी समितीतले सामान्य नागरिक, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "चिठ्ठ्या टाकून." भिशीत टाकतात तशा. सगळ्यांना पटलं. पण पुढचा शब्द होता प्लासिबो, आणि त्यावर आम्ही अडलो. 'औषधी गुणधर्मरहित गोळी' असं भाषांतर होतं. त्याचा उलगडा आम्हा शिकलेल्यांपैकी कुणालाच झाला नाही. अभ्यास सुरू झाल्यावर परळीकडच्या एका म्हाताऱ्या आजोबांना डॉक्टर समजावत होते: तुमच्या मुलाची चालू औषधं आहेत ती तशीच राहणार, त्यावर एक जादा गोळी, पण काहींच्या जादा गोळीत औषध असेल, काहींच्या नसेल, आणि कुणाची कोणती ते आम्हालाही माहीत नसेल. आजोबा म्हणाले, "म्हंजी काहींला कोरी गोळी."

कोरी गोळी. मी दुसऱ्याच बैठकीत तो शब्द संमतिपत्रात घालून घेतला.

संमतिपत्राच्या शेवटी सही किंवा अंगठा लागतो. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा असेल तर बाहेरचा, तटस्थ साक्षीदारही लागतो. हा नियम पुस्तकात वाचायला साधा आहे. पण आपल्याकडे अंगठ्याला इतिहास आहे. सावकाराच्या कागदावर, खरेदीखतावर, वाटणीपत्रावर, न वाचता दिलेल्या अंगठ्यांनी इथल्या कितीतरी घरांची जमीन गेली आहे. माझ्याकडचे निम्मे दिवाणी दावे अशा एखाद्या अंगठ्यापाशी जाऊन थांबतात. त्यामुळे एका आजीबाईंनी शाईचा पॅड पाहताच अंगठा मुठीत लपवला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. नातवाला अभ्यासात घ्यायचं होतं. आजी म्हणाल्या, "वाचून दावा. सगळं." डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली. पाऊण तास लागला. मध्ये आजींनी चार प्रश्न विचारले, त्यातला एक असा: पोराला गोळीनं काही झालं तर कोण बघणार? कागदात उत्तर होतं: अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि भरपाईही. आजींनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मधीच नको वाटलं तर?" तर केव्हाही बाहेर पडता येईल, चालू उपचार बंद होणार नाहीत. तेव्हा त्यांनी मूठ उघडली. अंगठा कागदावर टेकवताना त्यांनी दुसऱ्या हाताने कागद सरळ धरला, हे मी पाहिलं. जमिनीच्या कागदावर त्यांनी असं कधी केलं असेल, असं मला वाटत नाही.

संशोधन म्हटलं की आपल्याला पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. मला ती मूठ दिसते.

शाकाहारी घरातला एक प्रसंग सांगते, कारण त्यात संशोधनाचा खरा उपयोग आहे. माळकरी घरातला दहावीतला मुलगा. फिट आली, सीटी स्कॅन केला, मेंदूत एक बारीक गोल वळं दिसलं आणि त्यात ठिपका. डॉक्टर म्हणाले, डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत झालेली गाठ. वडील उठूनच उभे राहिले. "आमच्या घरात अंडं शिजत नाही, आणि तुम्ही डुकराचं म्हणता?" ते माझ्याकडे नोटीस द्यायला आले होते. मी त्यांना परत डॉक्टरांकडे नेलं. ही अंडी मांसातून येत नाहीत. उघड्यावर बसलेल्या माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात, आणि तिथून मेथी-कोथिंबिरीच्या जुडीवर येतात. अळ्या मांसात असतात, अंडी भाजीवर. ओढ्याच्या पाण्यावर पिकलेली कोथिंबीर आपण सगळेच वरणावर घालतो. एकेकाळी असली वळी दिसली की ती क्षयाची गाठ समजून वर्षभर क्षयाची औषधं दिली जायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. चंडी आणि डॉ. राजशेखर यांनी काही रुग्णांच्या अशा गाठी काढून तपासल्या आणि त्यातल्या बहुतेक या कृमीच्या असल्याचं दाखवलं. त्या रुग्णांनी डोक्यावर शस्त्रक्रिया करून घ्यायला हो म्हटलं, म्हणून आज या मुलाला क्षयाची औषधं खावी लागली नाहीत. हे मी वडिलांना सांगितलं. नोटीस राहिली. ते भाजी मिठाच्या पाण्याने धुवायची की साध्या, हे डॉक्टरांना विचारत बसले.

गोळ्या महाग नाहीत, हे तर मला सगळ्यात टोचतं. फेनोबार्बिटोन 1912 पासून या आजारावर वापरात आहे, फेनिटोइन 1938 पासून. कर्नाटकातल्या येळंदूरला डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दोन स्वस्त औषधांवर खेड्यातल्या रुग्णांना वर्षानुवर्षं सांभाळून दाखवलं. तो अभ्यास 2001 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट उपचार मिळाले तर त्यांतले 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. संघटनेने 2022 ते 2031 या वर्षांसाठी अपस्मार आणि मेंदूच्या इतर आजारांचा जागतिक आराखडाही केला आहे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचं आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आलं, अपस्माराचं नाव वेगळं आलं नाही. त्यावर मी अर्ज केले आहेत, करत राहीन.

पण आराखडा दसऱ्यानंतर आमच्या गावांत टिकत नाही. दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायकोचा एक कोयता, बैलगाडी किंवा ट्रक, आणि पाच-सहा महिने कुठल्यातरी कारखान्याच्या फडात. त्यांच्यातल्या ज्याला फिट येते त्याची गोळी दिवाळीपर्यंत पुरते. मग पहाटे तीनला उठून थंडीत मोळ्या बांधायच्या, झोप अपुरी, गोळी संपलेली, आणि हातात कोयता. झोप कमी झाली की फिट येते, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पडला तर त्या दिवसाचा खाडा, तो उचलीतून कापला जातो. म्हणून पडलेला माणूस तासाभराने परत उभा राहतो.

समितीपुढे एकदा एक अभ्यास आला, फेरतपासणी दर महिन्याला, दोन वेळा आला नाही तर नाव कमी. आणि नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ऊसतोडीचे महिने, त्याच्या मधेच येत होते. मी विचारलं, ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय? उत्तर आलं, त्यांना घेणारच नाही, ते टिकत नाहीत. कागदावर त्यात काही गैर नव्हतं. अभ्यास स्वच्छ निघाला असता. पण ज्यांना सगळ्यात जास्त फिट येतात, ज्यांची गोळी सगळ्यात जास्त वेळा तुटते, त्यांनाच सोडून काढलेलं उत्तर आमच्या कुठल्या उपयोगाचं? मी त्या बैठकीत सही केली नाही. बैठक लांबली, पुढच्या महिन्यावर गेली. शेवटी संशोधक डॉक्टरांनीच मार्ग काढला. निघताना पाच महिन्यांच्या गोळ्या सोबत द्यायच्या, दर पंधरवड्याला टोळीतल्या एकाच्या फोनवर फोन करायचा, आणि हजेरी गावात न धरता फडात धरायची. तरुण डॉक्टर दोन वेळा कारखान्याच्या तळावर जाऊन आला. परत आल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, गोळ्यांची पाकिटं त्यांनी पाचटाच्या खोपीत मिठाच्या बरणीत ठेवली होती. ओल लागू नये म्हणून." तो कितीतरी वेळ त्या बरणीबद्दलच बोलत होता.

त्या पहिल्या मुलीचा मी शोध घेतला होता. तिचं गाव माहीत होतं. दोनदा गेले, दुसऱ्या वेळी घराला कुलूप होतं आणि शेजारी म्हणाले, पुण्याकडे गेले सगळे. याहून जास्त मला कळलं नाही. जुन्या फाइलची नक्कल माझ्याकडे आहे. तिच्या जबाबाचं पान मी समितीवर येणाऱ्या नव्या सदस्यांना नाव झाकून वाचायला देते.

गेल्या महिन्यात एक बाप-लेक ऑफिसात आले. मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेली, फिटची गोळी चालू, चार वर्षांत एकदाही फिट नाही. स्थळं येत आहेत. वडिलांच्या हातात बायोडाटा होता, झेरॉक्सच्या दुकानात टाइप केलेला, वर गणपती. ते म्हणाले, "वकीलबाई, हे लिहावं का न लिहावं, तेवढं सांगा. तिची आई म्हणती लिहू नका. ही म्हणती लिहा."

मी त्यांना कलम 12 सांगितलं. अपस्माराचा शब्द कायद्यातून गेला, पण महत्त्वाची गोष्ट लपवून फसवलं, असा आरोप करून अर्ज आजही दाखल होतात. लिहिलेलं असेल तर तो आरोप उभाच राहत नाही. हा कागद दोन्हीकडच्यांच्या सहीने जपून ठेवा, मी म्हटलं, पुढे कधी लागला तर याच्यासारखा पुरावा नाही. वडील बराच वेळ गणपतीकडे बघत बसले. मग मुलीने माझ्या टेबलावरचा पेन घेतला.

"कुठं लिहू, मॅडम? शेवटी?"

मी म्हटलं, तुला वाटेल तिथे.

तिने शिक्षणाच्या ओळीखाली, उंचीच्या वर, जिथे थोडी जागा होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं: 'अपस्मार. गोळी नियमित. शेवटची फिट,' आणि तारीख आठवायला थांबली. वडिलांनीच सांगितली, दिवसासकट.